‘चारशेवीस’ कोणाला म्हणायचे?



गेल्या महिन्यातली गोष्ट. वस्तीतील अभ्यासिकेत नोकरीचे अर्ज भरून देण्याचे काम चालू होते. आता अर्ज कागदावर राहिलेले नाहीत, मोबाईलवर भरायचे असतात. तरी नावाचे स्पेलिंग, जन्मतारीख, दाखल्याचा क्रमांक ताडून पाहायला आमच्यासारखा कारकून अजून लागतोच. पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका मुलाचा अर्ज आमच्यापुढे आला. सारे बिनचूक होते. फक्त ई-मेलच्या रकान्यात त्याच्या नावाला चिकटून ४२० हा आकडा बसला होता.

आम्ही म्हटले, “का रे बाबा, नोकरी मागायला निघालास आणि कपाळावर हे काय लिहून घेतलेस?”

तो हसला. “काका, हे ते नाही. हे वेगळं फोर ट्वेंटी आहे.”

त्याची आई शेजारीच बसली होती. तिने आकडा ऐकला मात्र, तिचा चेहरा उतरला. “भाऊ, ह्याच्यावर पण केस झाली का हो?”

त्या ‘पण’ने आमचे हसू जागच्या जागी थांबले. मुलाचे वडील एका पतसंस्थेचे पिग्मी एजंट होते. दारोदार फिरून रोजचे दहा-वीस रुपये गोळा करायचे आणि संध्याकाळी भरणा करायचा, एवढेच त्यांचे काम. संस्था बुडाली. संचालकांना कोणी ओळखत नव्हते. ठेवीदारांच्या ओळखीचा चेहरा एकच, दारात येणारा. फिर्यादीत त्यांचेही नाव आले. कलम ४२०. नऊ वर्षे तारखा झाल्या आणि शेवटी ते निर्दोष सुटले. पकडल्याची बातमी एका रात्रीत गल्लीभर झाली होती. सुटल्याची बातमी कोणी वाटली नाही. त्या घरात हा आकडा विनोदाचा नाही.

मुलगा आईसमोर काही बोलेना. नंतर जिन्यात हळूच म्हणाला, “काका, अमेरिकेत गांजाला म्हणतात तसं. तिकडच्या पोलिसांचा कोड आहे तो. नेटवर सगळीकडे आहे. मी काही ओढत नाही, आईची शपथ.” शपथेवर आम्ही विश्वास ठेवला. पण ‘पोलिसांचा कोड’ हे आम्हाला पटेना. इतकी वर्षे खतावण्या लिहिल्यावर एक खोड लागते; व्हाउचर नसेल तर नोंद होत नाही. तेव्हा या आकड्याचे व्हाउचर कोठे आहे, ते शोधायला आम्ही बसलो. जे मिळाले ते आपल्यापुढे ठेवतो.

आधी आपल्या घरचे पाहू. भारतीय दंड संहितेचा पहिला मसुदा मेकॉलेच्या आयोगाने १८३० च्या दशकात केला. ती मंजूर झाली १८६० साली आणि अंमलात आली १ जानेवारी १८६२ रोजी. त्यातले कलम ४२० फसवणुकीचे. लबाडीने एखाद्याला फसवून त्याला मालमत्ता हवाली करायला लावणे, आणि त्याला सात वर्षांपर्यंत कैद व दंड. गंमत अशी की साध्या फसवणुकीची शिक्षा कलम ४१७ मध्ये होती आणि तोतयागिरीची ४१९ मध्ये. पण ‘तो मोठा चारशेसतरा माणूस आहे’ असे आपण कोणाच्या तोंडून ऐकले आहे काय? कोर्टाच्या आवारातून बाजारात आला तो ४२० च. एक तर पैशाचा मामला, दुसरे म्हणजे म्हणायला ठसकेबाज. चारसोबीस, फोर ट्वेंटी, चारशेविशी; आकड्याचे विशेषण झाले आणि विशेषणाचे नामही झाले. १९५५ साली राज कपूरने आपल्या सिनेमाला ‘श्री ४२०’ असे नाव दिले, तेव्हा ते कोणाला समजावून सांगावे लागले नाही. मुंबईत पोट भरायला आलेल्या नायकाला आपले प्रामाणिकपणाचे पदक गहाण टाकावे लागते, हे त्या सिनेमातले आम्हाला सर्वांत खरे वाटते. पुढे १९९७ मध्ये कमल हासनची ‘चाची ४२०’ आली, तीही त्याच पुण्याईवर.

इंग्रजांचे हे पुस्तक आपल्यापुरतेच नव्हते. पाकिस्तान, बांगलादेश, म्यानमार, मलेशिया, सिंगापूर या सर्व देशांच्या दंड संहितांत फसवणुकीचे हे कलम ४२० क्रमांकावरच आहे. नायजेरियाचा कायदा वेगळ्या घराण्यातला, म्हणून तिकडे फसवणुकीचे कलम आले ४१९. आपल्याहून एकाने कमी! तेथे भामट्याला ‘फोर वन नाईन’ म्हणतात. एखाद्या मेलेल्या मंत्र्याचे कोट्यवधी डॉलर अडकले आहेत, आपला खाते क्रमांक कळवा, निम्मे आपले, अशी पत्रे आधी टपालाने, मग फॅक्सने आणि मग ई-मेलने जगभर गेली. त्या पत्रांमुळे ४१९ हा आकडा नायजेरियाच्या बाहेर पडला आणि संगणकावरच्या फसवणुकीचे टोपणनाव झाला.

आणि आता कौतुकाची गोष्ट. १ जुलै २०२४ पासून आपल्याकडे दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिच्यात कलमेच मुळी ३५८. फसवणूक गेली ३१८ मध्ये. म्हणजे नव्या पुस्तकात ४२० क्रमांकाचे कलमच नाही! त्या तारखेच्या आधीच्या गुन्ह्यांना जुने कलम लागू आहे, हे खरे. पण उद्याचा भामटा कायद्याच्या भाषेत चारशेवीस असणार नाही. लोकांच्या तोंडी मात्र तो ‘तीनशेअठरा’ कधीच होणार नाही, याची आम्हाला खात्री आहे.

आता त्या मुलाचे ‘वेगळे’ फोर ट्वेंटी.

अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेस मरीन परगण्यात सॅन राफेल नावाचे गाव आहे. १९७१ सालच्या शरद ऋतूत तेथील हायस्कुलात पाच मित्र होते. शाळेबाहेरच्या एका भिंतीशी त्यांचा अड्डा असे, आणि इंग्रजीत भिंतीला ‘वॉल’ म्हणतात, म्हणून त्यांनी स्वतःला नाव घेतले ‘वाल्डो’. जवळच्या पॉइंट रेयेस भागात कोणीतरी गांजाची लागवड करून सोडून दिली आहे, अशी खबर त्यांना लागली. हातात नकाशाही आला. मग काय, ठरले! खेळाचा सराव आटोपून दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी शाळेतल्या लुई पाश्चरच्या पुतळ्यापाशी जमायचे आणि मोटारीतून शोधायला निघायचे. वर्गाबाहेर एकमेकांना दिसले की ते खुणेने म्हणत, ‘फोर ट्वेंटी लुई’. पुढे लुई गळाला. बिचारा पाश्चर! पिसाळलेल्या कुत्र्याच्या विषावर लस काढणारा तो थोर माणूस. त्याच्या पुतळ्याच्या वाट्याला हे यावे. मंडळी कित्येक आठवडे हिंडली. वाटेत ओढतही होती. ते शेत काही सापडले नाही, फक्त शब्द मागे राहिला. आईवडिलांसमोर, शिक्षकांसमोर बिनदिक्कत उच्चारता येईल असा.

हा शब्द पुढे गेला तो ग्रेटफुल डेड नावाच्या वाद्यवृंदामुळे. त्या वाद्यवृंदाच्या मंडळींत वाल्डोंची ऊठबस होती आणि त्याचे श्रोते गावोगाव त्याच्या मागे फिरणारे. त्यांच्या तोंडून आकडा पसरला. १९९० च्या डिसेंबरात ओकलंड येथील त्यांच्या कार्यक्रमाबाहेर एक पत्रक वाटले जात होते. २० एप्रिलला दुपारी ४ वाजून २० मिनिटांनी अमुक टेकडीवर जमून ओढू या, असे त्यात आवाहन होते. अमेरिकन लोक तारीख लिहिताना महिना आधी लिहितात, म्हणून त्यांच्या लेखी २० एप्रिल म्हणजे ४/२०. आपल्या पद्धतीने ती २०/४ होते आणि सारी गंमत जाते! हे पत्रक ‘हाय टाइम्स’ या गांजाला वाहिलेल्या मासिकाच्या बातमीदाराच्या हाती पडले आणि १९९१ साली छापून आले. वाचकहो, मुद्दा येथे आहे. ‘हा सॅन राफेलच्या पोलिसांचा कोड होता’ ही थाप त्या पत्रकातच होती. म्हणजे खरा शब्द आणि त्याची खोटी जन्मकथा एकाच कागदावर बसून देशभर गेली. खरी कथा हाय टाइम्सने छापली ती १९९८ मध्ये. तोवर इंटरनेट आले होते आणि थाप पुष्कळ पुढे निघून गेली होती.

मग काय विचारता! जो तो आपापली कथा जोडू लागला. कोणी म्हणे, गांजात ४२० रसायने असतात. शास्त्रज्ञांनी गांजाच्या झाडातून पाचशेहून अधिक रसायने ओळखली आहेत. मोजदाद ४२० वर थांबलेली नाही. कोणी म्हणे, हे कॅलिफोर्नियाच्या दंड संहितेतले गांजाचे कलम. तेथे कलम ४२० आहे, पण ते सरकारी जमिनीवर जाण्यास अटकाव करण्याबद्दलचे आहे. कोणी म्हणे, २० एप्रिल हा अमुक गायकाचा मृत्युदिन. ज्यांची नावे घेतात त्यांपैकी जिमी हेंड्रिक्स, जॅनिस जॉप्लिन, जिम मॉरिसन यांतला एकही त्या तारखेला वारलेला नाही. २० एप्रिल हा हिटलरचा जन्मदिवस आहे, हे मात्र खरे; पण त्याचा या पोरांशी काडीचा संबंध नाही. एक कथा तर आम्हाला बेहद्द आवडली. बॉब डिलनच्या १९६६ च्या एका गाण्याच्या शीर्षकात १२ आणि ३५ हे आकडे आहेत. गुणाकार करा! आम्ही केला. बारा पस्तीस चारशेवीस. उत्तर बरोबर आणि निष्कर्ष चूक. हिशेबात असे पुष्कळदा होते. बेरीज जुळते आणि खाते दुसऱ्याचेच असते.

वाल्डोंजवळ मात्र कागद आहेत. पोस्टाचे शिक्के असलेली सत्तरच्या दशकातली पत्रे आहेत, ४२० लिहिलेला जुना झेंडा आहे आणि हे सारे त्यांनी बँकेच्या लॉकरमध्ये जपून ठेवले. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी शब्दकोशात २०१७ साली हा शब्द घेतला, तेव्हा सॅन राफेल हायस्कूलच्या नियतकालिकातला १९७४ चा उल्लेख आधाराला धरला. पोस्टाचा शिक्का, तारीख, छापील अंक. याला आम्ही व्हाउचर म्हणतो.

तर अशा या आकड्याने पुढे काय काय केले! कोलोरॅडो राज्यातील हमरस्त्यावरची ४२० व्या मैलाची पाटी चोरीला जाऊ लागली. पुन्हा लावली की पुन्हा चोरी. शेवटी रस्तेखात्याने तेथे ४१९.९९ अशी पाटी लावली. सरकारी खात्याला इतकी कल्पकता असू शकते, हे वाचून आमच्या कचेरीत दोन दिवस चर्चा झाली. कॅलिफोर्नियात २००३ साली औषधी गांजाविषयीचे विधेयक आले, त्याचा क्रमांकही ४२०.

आणि ऑगस्ट २०१८ मध्ये टेस्ला मोटार कंपनीचे इलॉन मस्क यांनी जाहीर केले, की आपण कंपनी शेअर बाजारातून काढून घेण्याच्या विचारात आहोत, शेअरचा भाव ४२० डॉलर, पैशाची सोय झाली आहे. शेअर उसळला. अमेरिकेतील रोखे बाजाराच्या नियामक मंडळाने दावा लावला आणि त्यात लिहिले, की वीस टक्के जादा धरून हिशेबाने भाव ४१९ च्या आसपास येत होता; मस्क यांनी तो ४२० केला, कारण गांजावाल्यांत या आकड्याला अर्थ आहे हे त्यांना कळले होते आणि आपल्या मैत्रिणीला ते गमतीचे वाटेल असे त्यांना वाटले. आम्ही बी.कॉम. केले तेव्हा शेअरचा भाव ठरवण्याच्या पद्धती पाठ केल्या होत्या. ही त्यांत नव्हती. तडजोडीत मस्क यांना दोन कोटी डॉलर आणि कंपनीला दोन कोटी डॉलर भरावे लागले, शिवाय अध्यक्षपद सोडावे लागले. भागधारकांनी वेगळा दावा लावला होता, त्यात २०२३ च्या फेब्रुवारीत ज्यूरीने मस्क यांना जबाबदार धरले नाही. त्याआधी, २०२२ मध्ये, त्यांनी ट्विटर विकत घेतले, तेही शेअरला ५४ डॉलर २० सेंट या भावाने. आकडा पुन्हा पाहा!

येथवर सारे हसण्यावारी नेता येते. पण आम्हाला जे खटकले ते आता सांगतो. अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियन या संस्थेने २०२० मध्ये एक अहवाल काढला. गोरे आणि काळे यांच्यात गांजा ओढण्याचे प्रमाण जवळपास सारखेच. मात्र जवळ गांजा सापडला म्हणून अटक होण्याची शक्यता काळ्या माणसाची गोऱ्या माणसाच्या साडेतीन पटींहून अधिक. आकडा तोच, पुडीही तीच. कोणाच्या शर्टावर ती शोभा झाली आणि कोणाच्या आयुष्यभराच्या कागदपत्रांवर नोंद झाली! कोलोरॅडोत १ जानेवारी २०१४ पासून आणि कॅलिफोर्नियात २०१८ पासून गांजा दुकानात राजरोस विकला जातो. तेथे ४२० ही सेलची जाहिरात झाली. त्याच गोष्टीसाठी आधी पकडल्या गेलेल्यांची वर्षे कोणत्या सेलमध्ये परत मिळणार?

आणि आपल्याकडे? इंटरनेटवरचे अमेरिकन चित्र पाहून आपल्या मुलांना वाटते, की आता जगात सगळीकडे चालते. येथे चालत नाही. १९८५ चा अंमली पदार्थविरोधी कायदा आहे. गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळाचे शेंडे. शेंड्यांवाचून नुसती पाने आणि बिया त्या व्याख्येत येत नाहीत, म्हणून भांग त्यातून सुटते. एक किलोपर्यंत ‘अल्प प्रमाण’ धरले आहे, पण अल्प म्हणजे माफ नव्हे. त्यालाही एक वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. नुसते सेवन केले तरी सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. वीस किलोपासून पुढे तर किमान दहा वर्षे. आणि ज्याचा बाप वकील लावू शकत नाही, त्याला शिक्षेच्या आधीचे दिवसच शिक्षा असतात. पिग्मी एजंटाच्या घरी हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

हे सगळे टिपून घेऊन आम्ही पुढच्या रविवारी त्या मुलाला बोलावले. पाश्चरच्या पुतळ्याची गोष्ट ऐकून तो खो खो हसला. मैलाची पाटी त्याला ठाऊक होती, वाल्डो ठाऊक नव्हते. “म्हणजे पोलिसांचा कोड खोटाच?” “खोटाच.” मग आम्ही उपदेशाला सुरुवात करणार, इतक्यात तो म्हणाला, “काका, खरं सांगू? मी गांजाचं नंतर वाचलं. सहावीत असताना पोरं मला ‘चारशेवीसचा पोरगा’ म्हणायची. बाबांची केस चालू होती ना. पहिल्यांदा मेल आयडी काढला तेव्हा नुसतं नाव मिळेना, आकडा टाका म्हणून सारखं येत होतं. म्हटलं, म्हणता ना तुम्ही, मग हाच घेतो. पुढं नेटवर कळलं की तिकडं लोक हा आकडा टोपीवर मिरवतात. बरं वाटलं.”

आमचा उपदेश खिशातच राहिला. त्याने अंगावर फेकलेला दगड उचलून खुंटीला टांगला होता आणि आम्ही त्याला चिलमीचे कायदे सांगायला आलो होतो. खूप वेळाने आम्ही एवढेच म्हटले, “बाळा, तुझा अर्ज जो साहेब उघडेल, त्याला सॅन राफेल माहीत नाही, ती पतसंस्थाही माहीत नाही. त्याला फक्त आकडा दिसेल.”

“म्हणजे मीच बदलायचं?”

यावर आमच्याजवळ उत्तर नव्हते, आजही नाही. “अर्जापुरतं बदल,” आम्ही म्हटले. “नोकरी लागू दे. मग पाहिजे तर दारावर लिही.”

त्याने तेथेच बसून नवा पत्ता काढला. नाव, आडनाव आणि जन्मवर्ष. जुना मात्र पुसता येईना. शिष्यवृत्तीच्या पोर्टलला तोच, बँकेच्या खात्याला तोच, सगळे ओटीपी तिकडेच येणार. आम्ही अर्ज पुन्हा वाचून पाहिला, रकाना तपासला आणि पाठव म्हणून सांगितले. खाली त्याची आई थांबली होती.

“गेलं का ते?” तिने विचारले.

“अर्जातून गेलं, आई,” तो म्हणाला.